धोरण तंत्रज्ञानाच्या मागे पडतं, हे खरं आहे का? (वीज, रेल्वे, पाणी वगैरे)

शंकेखोर

सार्वजनिक धोरण शिकते आहे. पायाभूत सेवांच्या उद्योगांवर डिजिटल तंत्रज्ञानाचा आणि धोरणाचा काय परिणाम होतो आहे, यावर एक मोठा निबंध द्यायचा आहे. वाचन भरपूर झालं. जवळपास प्रत्येक लेखात एक वाक्य ठरलेलं: तंत्रज्ञान पुढे धावतं, धोरण धापा टाकत मागून येतं.

मला आता या वाक्याचाच संशय यायला लागलाय. एक तर ज्यांना नियम नको असतात तेच ते जास्त वापरताना दिसतात. दुसरं म्हणजे टेलिफोनची गोष्ट उलटी आहे. अमेरिकेत एटी अँड टी या फोन कंपनीचे तुकडे १ जानेवारी १९८४ ला झाले ते खटल्यातल्या तडजोडीने, आणि लांब पल्ल्याच्या फोनमधली खरी चुरस त्यानंतरची. युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार १५ जून २०१७ पासून गेला तो नियमाने. कुठलंही नवं यंत्र त्यासाठी आलेलं नव्हतं.

म्हणून प्रत्यक्ष काम केलेल्यांना विचारते: तुमच्या क्षेत्रात नेमकं कोण कुणाच्या मागे आहे? एखादं ठोस उदाहरण, आतून पाहिलेलं किंवा नीट माहीत असलेलं. 'स्मार्ट' हा शब्द टाळता आला तर उपकार होतील. वाचून वाचून डोळे दुखलेत.

पन्नास_हर्ट्झ

वीजवाला आहे, तेव्हा विजेचंच बोलेन. लोड डिस्पॅचला (कुठल्या केंद्राने केव्हा किती वीज द्यायची हे सांगणारा कक्ष) बरीच वर्षं काढली, नंतर बाजाराच्या हिशेबाच्या बाजूला आलो, त्यामुळे यंत्र आणि नियम दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या आहेत.

तुमचा संशय योग्य आहे, पण मी तो वेगळा मांडेन. नियम मागे पडत नाही. तो जिथे लिहिला तिथेच उभा असतो. लिहिताना समोर जे यंत्र होतं त्याच्या मर्यादा त्यात शिरतात. पुढे ते यंत्र भंगारात जातं, मर्यादा मात्र कलमात राहते, आणि मग ती मर्यादा कुणाच्या तरी उत्पन्नाचं साधन होते. हा शेवटचा भाग लेखांमध्ये सहसा नसतो.

माझं आवडतं उदाहरण पूर्व ऑस्ट्रेलियाच्या वीजबाजाराचं. हा बाजार डिसेंबर १९९८ मध्ये सुरू झाला. कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची याचा हुकूम दर पाच मिनिटांनी निघायचा आणि दर पाच मिनिटांनी भाव ठरायचा. पैसे मात्र अर्ध्या तासाच्या सरासरीने. म्हणजे सहा भाव घ्यायचे, सहाने भागायचं, आणि त्या अर्ध्या तासात ज्याने जेवढी वीज दिली त्याला तो सरासरी भाव. असं का? तर तेव्हाचे मीटर आणि हिशेबाच्या प्रणाली पाच मिनिटांची नोंद सगळीकडे ठेवू शकत नव्हत्या. त्या काळात तडजोड अगदी रास्त होती.

आता यातून काय झालं ते बघा. समजा पहिल्याच पाच मिनिटांत भाव उसळून १२,००० डॉलर प्रति मेगावॅट-तास झाला. सरासरीचं काम तिथेच झालं. पुढच्या पंचवीस मिनिटांत आपली वीज नक्की घेतली जावी म्हणून जो तो बोली पार तळाला नेतो, आणि तिथला तळ उणे १,००० डॉलर आहे. उरलेले पाचही भाव उणे हजार धरले तरी सरासरी साडेअकराशेच्या वर. म्हणजे गरज संपल्यावर धावत आलेलं केंद्रसुद्धा 'उणे' भावात वीज विकून नफा कमावतं. उलट ज्या कारखान्याने नेमक्या त्या महाग पाच मिनिटांत भट्टी मंद केली, त्याला त्याच्या कष्टाचा सहावा हिस्सा. गॅस टर्बाइन सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, बॅटरीला लागत नाहीत, पण हिशेबात दोघे सारखेच. जलद असण्याला किंमतच नाही.

आणि जलद असणं म्हणजे काय, हे त्याच देशात दिसलं. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात साउथ ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य अंधारात गेलं. त्यानंतर हॉर्न्सडेलची बॅटरी उभी राहिली, १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तास, डिसेंबर २०१७ मध्ये सुरू. दोन आठवडेही झाले नसतील, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातला लॉय यांगचा एक कोळशाचा संच ५६० मेगावॅट घेऊन ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. फ्रिक्वेन्सी (तारेतल्या विजेची लय; पुरवठा कमी पडला की ती घसरते) घसरायला लागली आणि बॅटरीने मिलिसेकंदांत वीज ढकलायला सुरुवात केली. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला याचं अप्रूप सांगून कळणार नाही. आम्ही फ्रिक्वेन्सीची रेघ खाली जाताना बघत फोन उचलायचो. इथे फोनला हात जायच्या आत काम सुरू झालेलं.

पण त्या वेगाचे पैसे? तिथल्या बाजारात फ्रिक्वेन्सी सावरण्याचा सगळ्यात जलद वर्ग होता सहा सेकंदांचा. का सहा? कारण वाफेच्या आणि पाण्याच्या टर्बाइनचा गव्हर्नर (तिचा वेग राखणारा भाग) साधारण तेवढ्या वेळात प्रतिसाद देतो. पुन्हा तेच, जुन्या यंत्राचं माप. एका सेकंदाचा वेगळा वर्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. तोवर बॅटरी पळायची हरणासारखी आणि पगार घ्यायची बैलगाडीचा.

अर्ध्या तासाची सरासरी अखेर १ ऑक्टोबर २०२१ ला गेली. बदलाचा निर्णय नोव्हेंबर २०१७ चा. मीटर, संगणक, करार सगळं बदलायला मधली वर्षं दिली होती, त्यात कोविडमुळे तीन महिन्यांची भर.

दुसरं उदाहरण ताजं आहे. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भरदुपारी अंधारात गेले. दोष सौरऊर्जेवर टाकून बरेच जण मोकळे झाले. तांत्रिक चौकशीत जे पुढे आलं ते व्होल्टेजचं प्रकरण होतं: व्होल्टेज चढत गेलं, संच सुटत गेले, सुटल्यामुळे ते आणखी चढलं. सौर केंद्रातला इन्व्हर्टर (पॅनलची वीज ग्रिडला चालेल अशी करणारं यंत्र) व्होल्टेज आवरायला मदत करू शकतो, आणि चांगली करू शकतो. पण स्पेनमध्ये व्होल्टेज नियंत्रणाची कार्यपद्धती २००० सालची होती. ते काम मोठ्या पारंपरिक केंद्रांचं, असं त्यात धरलेलं. नवीकरणीय केंद्रांनी ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर, म्हणजे व्होल्टेज बघून स्वतःत बदल न करता चालायचं, बस. क्षमता शेतात उभी होती आणि तिला काम सांगण्याची सोय कागदात नव्हती. सुधारित कार्यपद्धतीला नियामकाची मंजुरी मिळाली त्याच वर्षी जूनमध्ये. ती फाइल आधीपासून फिरत होती, हे वेगळं सांगायला नको.

सांधेवाला

हर्ट्झराव, विजेच्या बाबतीत पटलं. रेल्वेत मात्र तुमचं गणित जसंच्या तसं लागू होणार नाही. मी सिग्नल आणि टेलिकॉमचा माणूस.

आमच्याकडे पहिला प्रश्न असतो आयुर्मानाचा. रूळ, पूल, सिग्नलची केबिन यांचं वय दशकांत मोजतात, रेडिओचं त्याच्या निम्म्यानेही नाही. युरोपने देशोदेशीच्या वेगवेगळ्या सिग्नल पद्धती मोडून एकच ईटीसीएस आणायचं ठरवलं. उत्तम कल्पना. त्याच्या दुसऱ्या स्तरात गाडीला पुढे जायची परवानगी रेडिओवरून मिळते आणि तो रेडिओ जीएसएम-आर, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या मोबाइलचा भाऊ. आता ईटीसीएस अर्ध्या मार्गांवरही पोचलेलं नाही आणि जीएसएम-आरचे उत्पादक २०३० च्या आसपास हात काढून घेणार म्हणतात. म्हणून त्याचा वारसदार एफआरएमसीएस बसवायची तयारी चालू. इथे धोरण मागे नव्हतं हो, पुढे होतं. चांगलं खणखणीत पुढे होतं. फक्त पैसे कोण घालणार हे त्यात धड नव्हतं.

कारण बघा, रूळाच्या मालकाने उपकरणं बसवली आणि गाडीच्या मालकाने नाही, तर फायदा शून्य. गाडीत बसवली, रूळाला नाही, तरी शून्य. आणि १९९१ च्या युरोपीय निर्देशाने (९१/४४०) रूळ आणि गाड्या यांचे हिशेब वेगळे करायला लावले. स्पर्धेसाठी ते बरोबरच असेल. पण दोघांनी एकाच वेळी खिशात हात घालायचा तर आता दोन खिसे, दोन संचालक मंडळं आणि मध्ये एक नियामक.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. डिजिटल म्हटलं की लोक सेन्सरवर जातात. आमच्याकडे आधीचा प्रश्न असा असतो की आपल्याकडे काय आहे, हे तरी आपल्याला माहीत आहे का? ब्रिटनमध्ये १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डला गाडी घसरली, चार जण गेले. रूळाला वरच्या कडेशी बारीक भेगा होत्या, गाडी वरून जाताना रूळ तुकडे तुकडे होऊन फुटला. रूळांची मालक रेलट्रॅक ही खाजगी कंपनी. देखभाल कंत्राटदारांकडे. अपघातानंतर विचारलं, अशा भेगा अजून कुठे कुठे आहेत? कंपनीला सांगता येईना, कारण मालमत्तेच्या स्थितीची पूर्ण नोंदवहीच नव्हती. मग सगळ्या देशभर वेगमर्यादा लावत सुटले, वेळापत्रक कोसळलं, पैसा संपला, आणि वर्षभरात रेलट्रॅक दिवाळखोरीच्या प्रशासनात. २००२ मध्ये नेटवर्क रेल आली.

खाजगीकरणात जुने गँगवाले गेले. कुठला तुकडा पावसात खचतो, कुठल्या सांध्याला लक्ष लागतं, हे त्यांच्या डोक्यात होतं. ते कुणी कागदावर घेतलं नाही आणि संगणकावर तर नाहीच. तेव्हा निबंधात लिहाच की धोरणाने माहितीची जुनी साठवण मोडली आणि नवी बांधायला विसरलं. हेही 'डिजिटल आणि धोरण'च आहे.

नळकोंडाळे

पाण्याच्या बाजूने एवढंच: आमच्याकडे एकच पाइप, एकच मालक, आणि दुसऱ्याने समांतर पाइप टाकायचा प्रश्नच नाही. बाजार नाही, पाच मिनिटांचे भाव नाहीत. रात्री दोन ते चारचा प्रवाह बघायचा. सगळे झोपलेले असताना जे वाहतंय त्यातलं बरंचसं गळतं. पाइपातला दाब सतत नोंदवणारे लॉगर आल्यापासून गळती कुठल्या झोनमध्ये आहे हे लवकर कळतं, व्हॉल्व्हने दाब उतरवला की गळती कमीही होते. खणणं तेवढंच बाकी राहतं, आणि ते पूर्वीइतकंच महाग आहे. ज्या नियामकांनी दर ठरवताना भांडवली खर्चावर परतावा दिला आणि देखभालीवर दिला नाही, तिथे कंपन्या लॉगर घेतात आणि खणत नाहीत. हर्ट्झ म्हणतात तसं कलमात बघावं लागतं.

वेळापत्रक

मी प्रवासाच्या ॲपवर काम करते. धागाकर्तीला एक उदाहरण देते जिथे कायदा पुढे गेला, तंत्रज्ञान तयार होतं, आणि तरी गाडी अडली.

आधी सुरुवात: बस-रेल्वेची वेळापत्रकं नकाशाच्या ॲपमध्ये दिसतात ती बहुतेक ठिकाणी जीटीएफएस नावाच्या साध्या फाइलींमुळे. २००५ मध्ये पोर्टलंडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेने आणि गूगलने ती सुरू केली. नावातला 'जी' तेव्हा गूगलचा होता, नंतर तो 'जनरल' झाला. कुणी कायदा केला नव्हता. स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या काही फाइली, बस्स. पण ज्या संस्थेने त्या दिल्या तिच्या बसथांब्याचा दरवाजा गूगलच्या पडद्यावर उघडायला लागला. फाइल साधी असते, ताबा कुणाकडे जातो ते साधं नसतं.

फिनलंडने पुढचं पाऊल टाकलं. २०१८ पासून तिथल्या कायद्याने वाहतूक कंपन्यांना वेळापत्रकाची माहिती आणि तिकीट विक्रीचा दरवाजा तिसऱ्याला उघडून द्यायला लावला. हेलसिंकीत व्हिम नावाचं ॲप होतं. ट्रॅम, टॅक्सी, भाड्याची सायकल, सगळं एका मासिक वर्गणीत. जगभरातल्या परिषदांमध्ये त्याचं कौतुक. मार्च २०२४ मध्ये ते चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली.

का? माझं मत: कायद्याने तिकीट विकायची परवानगी दिली, मार्जिन दिलं नाही. सार्वजनिक वाहतुकीचं तिकीट आधीच अनुदानावर असतं, त्यात मध्यस्थाला काय उरणार? दरवाजा उघडला आणि आत खोलीच नव्हती. त्यामुळे 'डेटा खुला करा म्हणजे झालं' असं कुणी निबंधात लिहिलं की मला हसू येतं.

शंकेखोर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सांधेवाला काका, रेलट्रॅकचं मी फक्त 'खाजगीकरणाचा फसलेला प्रयोग' म्हणून वाचलं होतं, नोंदवहीचा मुद्दा नवा.

हर्ट्झ सर, दोन प्रश्न. जुनी मर्यादा कुणाच्या तरी उत्पन्नाचं साधन होते म्हणालात. मग ती मोडण्याची खटपट कोण करतं? ज्याला फायदा होणार आहे ती बॅटरी तर २०१५-१६ मध्ये अजून उभीच नव्हती. आणि मीटर. नेदरलँड्समध्ये २००९ साली वरिष्ठ सभागृहाने घरातल्या वापराच्या नोंदी आपोआप पाठवणाऱ्या मीटरच्या सक्तीचा कायदा अडवला. पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून घरात कोण केव्हा आहे हे कळतं, हा आक्षेप. पुढच्या कायद्यात ग्राहकाला नकाराची मुभा आली. हे तुमच्या चौकटीत कसं बसवू?

पन्नास_हर्ट्झ

मीटरचं आधी. ते माझ्या चौकटीत बसत नाही, आणि बसवूही नका. तिथे लोकांनी विचारलं की ही नोंद हवी कशाला, आणि वीजवाल्यांकडे 'असू दे, उपयोगी पडेल' याच्या पलीकडे उत्तर नव्हतं. ग्रिड चालवायला मला एका घराचे आकडे लागत नाहीत. ट्रान्सफॉर्मरचे लागतात. बिलाला घराचे लागतात, पण तेही घरातच बेरीज करून पाठवता येतात. माझ्या बिरादरीला हे पटवणं अवघड जातं.

मीटरमध्ये बघण्यासारखी गोष्ट आहे ती हा डबा बसवायचा कुणी. इटलीत २००१ पासून वितरण कंपनी एनेलने सुमारे ३ कोटी मीटर स्वतःच बसवले. तार तिची, मीटर तिचा, त्याच तारेवरून निरोप येणार. ब्रिटनने हे काम वीज विकणाऱ्या किरकोळ कंपन्यांना दिलं, स्पर्धेच्या नावाखाली. परिणाम असा की ग्राहकाने कंपनी बदलली की पहिल्या पिढीतला मीटर बऱ्याचदा मुका व्हायचा, नव्या कंपनीला त्याच्याशी बोलता येईना. म्हणजे स्पर्धेसाठी केलेल्या रचनेत स्पर्धेचा फायदा घेणाऱ्याचाच मीटर बंद. मग ते लाखो मीटर एका मध्यवर्ती संपर्कजाळ्यावर ओढून आणावे लागले. यंत्र दोन्हीकडे साधारण एकाच जातीचं. फरक पडला तो मीटर कुणी बसवायचा, या नियमातल्या एका ओळीने.

(अवांतर: आम्ही एका उपकेंद्रात वेगवेगळ्या उत्पादकांचे रिले (बिघाड झाला की वीज तोडायला लावणारी उपकरणं) बसवले होते. एकमेकांशी बोलण्यासाठी सगळे आयईसी ६१८५० हे मानक पाळणारे, निविदेत तशी अटही होती. सेटिंग बदलायची वेळ आली तेव्हा कळलं की एकाची फाइल त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि त्याचा परवाना दरवर्षी घ्यायचा. मानक पाळलं होतं, अगदी शब्दशः.)

आता तुमचा पहिला प्रश्न, आणि तो खरा प्रश्न आहे. पैशांचा हिशेबही पाच मिनिटांनी करा, हा अर्ज २०१५ च्या शेवटी केला सन मेटल्सने. ही क्वीन्सलंडमधली जस्त शुद्ध करणारी कंपनी. वीजकंपनी नाही, बॅटरीवाली नाही, ग्राहक. जस्त काढायला विद्युतविघटन लागतं, विजेचा खर्च प्रचंड, आणि भार वरखाली करता येतो. भाव उसळला की ते भार उतरवायचे आणि बाकीच्या पंचवीस मिनिटांत त्यांच्या त्यागाची सरासरी होऊन जायची. त्यांनी हिशेब मांडला आणि नियम बदला म्हणून अर्ज दिला.

तो देता आला, कारण तिथल्या कायद्यात वीजबाजाराचा नियम बदलण्याचा अर्ज जवळपास कुणीही करू शकतं. नियम ठरवणाऱ्या आयोगाला मात्र, किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर, स्वतःहून नियम बदलता येत नाही. कुणीतरी मागावं लागतं. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. अडचण ज्याला टोचते त्याच्या हातात अर्ज. स्पेनमध्ये कार्यपद्धतीचा प्रस्ताव ग्रिड चालवणाऱ्याकडून यायचा आणि नियामकाने मंजूर करायचा. ज्यांचे इन्व्हर्टर रिकामे बसले होते ते या दोघांच्या बाहेर.

तेव्हा निबंधात 'धोरण मागे का' याऐवजी दारावर टकटक करायचा अधिकार कुणाला आहे, हे देशोदेशी लावून बघा. सांधेवाला यांच्या ईटीसीएसलाही ते लागेल: तिथे गाडीच्या मालकाला रूळाच्या मालकाचा हात खिशात घालायला लावायचा मार्ग होता का?

आणि एक काम नक्की करा. सन मेटल्सच्या अर्जावर आलेली निवेदनं ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने उघडी ठेवली आहेत. गॅस केंद्रवाल्यांची आधी वाचा. भाववाढीपासून संरक्षण देणारे करार आम्हाला विकता येणार नाहीत, आणि त्याने ग्राहकाचंच नुकसान होईल, असा त्यांचा मुद्दा आहे. मुद्दा अगदीच पोकळ नाही. तो खोडायला तुम्हाला आकडे लागतील, आणि २०२१ नंतरचे आकडे आता उपलब्ध आहेत.

सांधेवाला

मार्ग नव्हता. युरोपीय संघाने अनुदान दिलं, काही मार्गांवर मुदती घातल्या, आणि मुदती सरकत गेल्या. गाडीवाल्याला रूळवाल्यावर दावा लावता येईल असं काही माझ्या माहितीत नाही. लिहून झाला की निबंध इथे टाका.